मणी कौल: आदर आहे, पण पाहवत नाही? नव्या प्रेक्षकासाठी वाटाड्या

फिल्म सोसायटीत नव्याने जायला लागलं, की थोड्याच दिवसांत कोणीतरी समांतर हिंदी सिनेमाचे दिग्दर्शक मणी कौल यांचं नाव पुढे करतं. करताना सूर असा असतो, की नाही म्हणायची सोय राहत नाही. मग तुम्ही घरी येऊन त्यांचा पहिला सिनेमा ‘उसकी रोटी’ लावता. बाई रस्त्याकडेला उभी आहे. बस येते, जाते. बाई उभीच. पाऊण तासाने तुम्ही गुपचूप किती मिनिटं उरलीत ते बघता, आणि ती बरीच उरलेली असतात.

इथून पुढे बहुतेकांच्या दोन वाटा होतात. एक, दुसऱ्या दिवशी ‘काय फ्रेम्स आहेत!’ म्हणायचं आणि विषय बदलायचा. दोन, ‘डोक्यावरून गेला, सगळं थोतांड आहे’ म्हणून नाव कायमचं टाकायचं. हा लेख या दोन्हींना कंटाळलेल्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांना आतून वाटतं, की या माणसाने काहीतरी मोठं केलंय, पण दोन तास बसवत नाही. मी त्यातलीच. मणी कौल यांचे काही सिनेमे मला मनापासून आवडतात, काहींबद्दल निव्वळ आदर आहे आणि एकदोन पुन्हा पाहायचा अजिबात विचार नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. कशा, ते क्रमाने सांगते.

आधी ही तयारी

- शक्य तितकी चांगली प्रिंट. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून पहिला.
- हेडफोन किंवा बरे स्पीकर. लॅपटॉपच्या आवाजावर यातला निम्मा सिनेमा पोचतच नाही.
- मूळ कथा, नाटक किंवा कादंबरी. बहुतेक सिनेमे साहित्यावर आधारलेले आहेत.
- वही-पेन. परीक्षण लिहायला नको, दोनच वाक्यं लिहायला.
- फोन दुसऱ्या खोलीत.
- नंतर बोलायला एक माणूस, शक्यतो तुमच्याशी सहमत नसणारा.

पुण्या-मुंबईत असाल तर पडद्यावर पाहायची संधी सोडू नका. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, मुंबईत १९६८ पासून चालू असलेली प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी आहे. अशा ठिकाणच्या खेळांवर लक्ष ठेवा. अंधारात, इतर माणसांबरोबर बसून पाहिलेला मणी कौल आणि घरी पॉज करत पाहिलेला मणी कौल यांत फार अंतर आहे.

१. न आवडण्याची परवानगी स्वतःला देऊन टाका

हे पहिल्यांदा करा, नाहीतर पुढचं काहीच जमणार नाही. ‘मला कळलं नाही म्हणून आवडलं नाही’ या दडपणाखाली पाहिलेला सिनेमा दिसतच नाही. तुम्ही पडद्याऐवजी स्वतःलाच तपासत बसता.

दडपण उतरवायला एक नाव पुरेसं आहे: सत्यजित राय. ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’ या १९७६ च्या लेखसंग्रहात राय यांनी त्या काळच्या नव्या हिंदी सिनेमावर लिहिलं आहे आणि मणी कौल आणि त्यांचे समकालीन दिग्दर्शक कुमार शाहनी यांच्या पद्धतीवर स्पष्ट टीका केली आहे. राय यांना सिनेमा कळत नव्हता असं कोणी म्हणणार नाही. त्यांना जे खटकलं, ते तुम्हालाही खटकू शकतं. ‘उसकी रोटी’वर वर्तमानपत्रांतून तर सडकून टीका झाली होती, आणि तरी त्याला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला. वाद पहिल्या दिवसापासूनचा आहे. तुम्ही त्यात उशिरा आलेले नवे भिडू आहात, इतकंच.

मात्र ही परवानगी दुधारी आहे. राय यांना आवडलं नाही, म्हणजे आपण पाहायला नको, असा सोयीचा अर्थ काढू नका. त्यांनी आधी पाहिलं, मग नेमकं काय खटकलं ते मांडलं.

२. पहिला सिनेमा ‘उसकी रोटी’ नको

कालक्रमाने पाहायचा हट्ट हा सगळ्यांत मोठा सापळा आहे. दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा म्हणजे प्रवेशद्वार, असं आपण गृहीत धरतो. इथे ते दार फार जड आहे. त्याऐवजी तुमचा कल बघून निवडा.

*गोष्ट लागते?* मग ‘दुविधा’ (१९७३). साधारण ८० मिनिटांचा, रंगीत, विजयदान देथा यांच्या राजस्थानी लोककथेवरचा. लग्नाची वरात परतत असताना झाडावरचं भूत नवरीवर भाळतं. नवरा हिशेबांत गुंतलेला, लग्न होताच व्यापारासाठी पाच वर्षं दूर निघून जातो. भूत त्याचं रूप घेऊन घरात येतं, पण नवरीला खरं काय ते सांगून टाकतं. तिने ठरवायचं. एवढी दमदार गोष्ट असल्यावर संथपणा सुसह्य होतो. या सिनेमाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

*शास्त्रीय संगीत ऐकता?* मग थेट ‘ध्रुपद’ (१९८२) या माहितीपटापासून सुरुवात करा. झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा आणि झिया फरीदुद्दीन डागर यांचं गाणं. हे नुसतं विषय म्हणून निवडलेलं नाही. कौल स्वतः झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकले. हेच डागर, ज्यांचं गुरुकुल पनवेलजवळ पळस्प्याला होतं. मणी कौल यांच्या सिनेमातला वेळ असा का वाहतो, याचं उत्तर मला कुठल्याही लेखापेक्षा इथे जास्त सापडलं.

*नाटकवाले आहात?* ‘आषाढ का एक दिन’ (१९७१). मोहन राकेश यांचं नाटक. कालिदासाच्या भूमिकेत अरुण खोपकर, मल्लिका रेखा सबनीस आणि विलोम ओम शिवपुरी. मराठी प्रेक्षकाला पहिली दोन नावं आपलीच. खोपकरांचं सिनेमावरचं मराठी लेखन वाचलं असेल, तर त्यांना तरुण कालिदास म्हणून पाहणं ही वेगळीच गंमत आहे.

*मराठीतूनच सुरुवात हवी?* ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६). तेंडुलकरांची पटकथा, नाना फडणवीस मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी आणि भास्कर चंदावरकरांचं संगीत. ओम पुरींचा हा पहिला सिनेमा. एक सूचना मात्र लक्षात ठेवा: हा एकट्या मणी कौल यांचा सिनेमा नाही. ‘युक्त’ या सहकारी गटाने तो केला आणि दिग्दर्शक म्हणून के. हरिहरन, मणी कौल, कमल स्वरूप आणि सईद मिर्झा अशी चार नावं आहेत. म्हणून ‘मणी कौल शैली’चे निष्कर्ष यावरून काढू नका. आणि जब्बार पटेलांनी बसवलेल्या नाटकाची लय डोक्यात घेऊन गेलात तर पहिली पंधरा मिनिटं चुकल्यासारखं वाटेल.

‘सतह से उठता आदमी’ (१९८०) सुरुवातीला अजिबात नको. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोधांच्या लेखनावरचा हा सिनेमा मुक्तिबोध वाचलेल्यांनाही दमवतो. मुक्तिबोधांचं घर मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र तर मराठीतले कवी, त्यामुळे आपल्याला उगाच वाटतं की हे जवळचं असेल. ते शेवटी ठेवा.

३. गोष्ट आधी वाचून घ्या

‘शेवट कळला तर मजा जाईल’ ही भीती इथे गैरलागू आहे. कौल यांना ‘पुढे काय होणार’ या उत्सुकतेवर सिनेमा चालवायचाच नव्हता. उत्सुकता आधीच फेडून टाकली, की डोळे मोकळे होतात.

‘उसकी रोटी’ ही मोहन राकेश यांची छोटी कथा आहे, एका बैठकीत वाचून होते. बालो रोज नवऱ्याची भाकरी घेऊन रस्त्यावर येते. नवरा सुच्चासिंग बसचा ड्रायव्हर. एक दिवस घरच्या एका प्रसंगामुळे तिला उशीर होतो, बस निघून जाते, आणि ती थांबून राहते. एवढंच. हे माहीत असलं, की सिनेमात तुम्ही घटनेची वाट बघणं सोडता आणि वाट बघणारी बाई बघायला लागता.

‘दुविधा’च्या बाबतीत आणखी एक उद्योग सुचवते, तो चुकवू नका. त्याच कथेवर अमोल पालेकरांनी २००५ साली शाहरुख खान आणि राणी मुखर्जी यांना घेऊन ‘पहेली’ केला. दोन्ही लागोपाठच्या दिवशी पाहा, आधी ‘पहेली’. मग स्वतःला हे तीन प्रश्न विचारा:

- भूत आणि नवरा, दोघं एकाच नटाने केलेत. तो फरक कोण कशाने दाखवतं? एकीकडे अभिनयाने, चेहऱ्यावरच्या भावांनी. दुसरीकडे जवळजवळ कशानेच नाही, आणि त्यामुळे नवरीची निवड जास्त कठीण होते.
- रंग कुठे वापरलाय? ‘पहेली’त सगळीकडे. ‘दुविधा’त चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर लाल कपड्यातली नवरी. पांढरं इतकं, की लाल रंग बोलायला लागतो.
- शेवट कोणाच्या बाजूने आहे? ‘पहेली’त भूत नवऱ्याच्या शरीरात शिरतं आणि प्रेक्षक सुखाने घरी जातो. ‘दुविधा’त मेंढपाळ भुताला मशकीत कोंडतो. नवरीला कोणी काही विचारत नाही.

मला ‘पहेली’ बघताना जास्त मजा येते, हे सांगायला लाज वाटत नाही. डोक्यात राहतो तो ‘दुविधा’. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि एक दुसऱ्याला खोडत नाही. (शाहरुखबद्दल जाता जाता: मणी कौल यांच्या ‘इडियट’मध्येही तो आहे, स्टार होण्याच्या उंबरठ्यावरचा. तेव्हा ही दोन जगं वाटतात तेवढी लांब नाहीत.)

४. पहिली वीस मिनिटं फक्त तीन गोष्टींकडे लक्ष द्या

सगळं एकदम समजून घ्यायचा प्रयत्न करू नका. मी नव्या माणसाला हे तीनच धागे देते.

*हात.* ‘उसकी रोटी’त चेहरे फारसं काही सांगत नाहीत, हात सांगतात. हातांच्या जवळच्या फ्रेम्स मोजत राहिलात तरी अर्धा सिनेमा हाती लागतो. हे फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ यांच्याकडून आलंय. त्यांचा ‘पिकपॉकेट’ (१९५९) कौल यांच्यावर खोल परिणाम करून गेला होता. ब्रेसाँ नटांना अभिनय करूच देत नसत, पुन्हा पुन्हा टेक घेऊन भाव गळून पडेपर्यंत थांबत. बालो सपाट आवाजात बोलते तेव्हा ‘हिला अभिनय येत नाही’ असं वाटलं, तर थांबा. तो सपाटपणा मागून घेतलेला आहे. तो तुम्हाला पसंत पडला पाहिजे असं मात्र नाही.

*लेन्स.* तांत्रिक वाटेल, पण ओळखायला सोपं आहे. ‘उसकी रोटी’ची रचना दोन लेन्सवर उभी आहे. २८ मिमीची, ज्यात जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट दिसतं, आणि १३५ मिमीची, ज्यात एखादीच पातळी स्पष्ट आणि बाकी सगळं धूसर. सुरुवातीला पहिली प्रत्यक्षासाठी आणि दुसरी बालोच्या मनातल्यासाठी. पुढे कौल हळूहळू ही वाटणी उलटीपालटी करतात, आणि ती खरंच थांबलीय की थांबल्याची कल्पना करतेय, ते आपल्याला सांगता येत नाही. हे पहिल्यांदा डोळ्यांनी पकडलंत, की ‘काहीच घडत नाही’ ही तक्रार तेवढी सरळ राहत नाही. छायालेखन के. के. महाजन यांचं. त्याच सुमारास आलेले ‘भुवन शोम’ आणि ‘सारा आकाश’ही त्यांनीच टिपलेत, आणि तिन्हींना फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेचा पैसा होता. ‘सारा आकाश’मध्ये मणी कौल नट म्हणून दिसतात, तेही बघून घ्या. एकाच छायालेखकाची नजर तीन दिग्दर्शकांकडे किती वेगळी होते, हे पाहणं हा स्वतंत्र अभ्यास आहे.

*आवाज.* संवाद आणि तोंड यांचा संबंध सैल आहे. आवाज कुठून येतोय, मध्येच का थांबला, शांतता किती वेळ टिकली, इकडे कान ठेवा. ‘दुविधा’त निवेदन चालू असताना चित्र गोठून फोटो होतं. पहिल्यांदा वाटतं की फाइल अडकली. (मला विचारलेला सर्वांत नेहमीचा प्रश्न हाच आहे. नाही, तुमचं इंटरनेट ठीक आहे.) छायालेखक नवरोज काँट्रॅक्टर हे मुळात स्थिरचित्रणातलं मोठं नाव, हे कळलं की त्या गोठण्यामागची नजर ओळखीची वाटते.

वीस मिनिटं झाली की धागे सोडून द्या. उरलेला सिनेमा नुसता बघा.

५. कंटाळा आला तर तो कुठला, ते ओळखा

हा टप्पा लोक गाळतात आणि इथेच सगळा गोंधळ होतो. ‘बोअर झालं’ या एका तक्रारीखाली निदान चार वेगळी दुखणी असतात.

पहिलं, प्रिंटचं. मणी कौल यांचे सिनेमे वर्षानुवर्षं पुसट, काठ कापलेल्या, खरखरत्या प्रतींमधून फिरले. ज्या माणसाने पांढऱ्या भिंतीवर सगळा सिनेमा तोलला, त्याची भिंत करडी आणि लाल रंग तपकिरी दिसत असेल, तर तुम्ही जे पाहिलं ते त्याने केलेलंच नाही. अशा प्रतीवरून मत बनवू नका, ना चांगलं ना वाईट.

दुसरं, थकव्याचं. दिवसभर काम करून रात्री अकराला हा सिनेमा लावणाऱ्याला झोप येणारच. त्यात दिग्दर्शकाचा दोष नाही, तुमचाही नाही. सकाळी बघा. मी रविवारी सकाळची वेळ धरते.

तिसरं, संदर्भाचं. ‘सिद्धेश्वरी’ (१९८९) पाहताना बनारसच्या ठुमरी गायिका सिद्धेश्वरी देवी कोण हे माहीत नसेल, त्यांचं गाणं एकदाही ऐकलं नसेल, तर अभिनेत्री मीता वशिष्ठ पडद्यावर काय करतेय ते कळायला आधार नाही. हा माहितीपट चरित्र सांगत नाही. जन्म अमुक साली, गुरू तमुक, असं काही मिळणार नाही. म्हणून आधी अर्धा तास त्यांची ठुमरी ऐका. शेवटाकडे खुद्द सिद्धेश्वरी देवी टीव्हीच्या पडद्यावर गाताना दिसतात, आणि मीता वशिष्ठ त्यांच्याकडे बघत असते. तयारी करून आलेल्याला तो प्रसंग हलवून सोडतो. न करता आलेल्याला ‘आता हे टीव्हीवर काय?’ एवढंच वाटतं.

चौथं दुखणं खरं. प्रिंट चांगली होती, झोप झाली होती, संदर्भ माहीत होते, आणि तरी मन लागलं नाही. हा मतभेद आहे. कौल यांना कथेच्या चढउतारापेक्षा काळ उलगडताना दाखवायचा होता. ध्रुपदातल्या आलापात शब्द नसतात, ताल नसतो, एकेक स्वर सावकाश उघडत जातो, आणि रसिक ‘बंदिश कधी येणार’ म्हणून घड्याळ बघत नाही. कौल यांना प्रेक्षकाकडून तीच तयारी हवी होती. ही मागणी तुम्हाला सिनेमाकडून मान्य नसेल, तर नसेल. मलाही दर वेळी मान्य होत नाही. गाणाऱ्याच्या आवाजात श्वास असतो, शरीर असतं, ते मला धरून ठेवतं. पडद्यावरच्या नटाचं शरीर मुद्दाम निर्जीव केलं, की माझ्यासाठी तो आधार जातो. माझा मणी कौल यांच्याशी असलेला मतभेद हा असा आहे, आणि तो नेमक्या शब्दांत मांडता येईपर्यंत मला त्यांच्याबद्दल नुसतीच भीती होती.

पहिल्या तीन दुखण्यांवर उपाय आहे. चौथ्यावर नाही, आणि नसला तरी चालतं.

६. दोन वाक्यं लिहा

सिनेमा संपल्यावर, कोणाचं काही वाचायच्या आधी.

पहिलं वाक्य: आदर कशाबद्दल? इथे ‘महान’, ‘अप्रतिम’, ‘वेगळाच अनुभव’ यांना बंदी. बोट ठेवता येईल अशी गोष्ट लिहा. माझ्या वहीतलं ‘उसकी रोटी’चं वाक्य असं: वाट बघणं हा प्रसंग नसून अवस्था आहे, हे या माणसाने दोन लेन्स वापरून दाखवलं, आणि हे हिंदी सिनेमात आधी कोणी केलेलं मला दिसलेलं नाही.

दुसरं वाक्य: मन कुठे लागलं नाही? इथे ‘बोअर’ आणि ‘स्लो’ यांना बंदी. माझं: बालोच्या बहिणीवर येणारा प्रसंगही त्याच सपाट सुरात घेतल्यामुळे मला तिच्याबद्दल काही वाटायला जागा उरली नाही, आणि ही जागा कौल यांनी मुद्दाम काढून घेतली तरी मला ती हवी होती.

पहिलं वाक्य लिहिता आलं नाही, तर तुमचा आदर उसना आहे, दुसऱ्या कोणाचा तरी ऐकून घेतलेला. त्यात लाजायचं काही नाही, पण तो चारचौघांत मिरवू नका. दुसरं लिहिता आलं नाही, तर बहुधा तुम्ही पाहताना फोन बघत होतात.

७. चर्चेत टाळायची वाक्यं

‘तुला कळला नाही म्हणून आवडला नाही.’ हे वाक्य ऐकून किती जण फिल्म सोसायटीतून कायमचे गेले असतील! कळूनही न आवडणं शक्य आहे. राय यांचं उदाहरण वर दिलंच आहे.

‘असले सिनेमे फक्त पुरस्कारांसाठी काढतात.’ ज्याने डागरांकडे बसून ध्रुपद शिकून घेतलं, आयुष्यभर तुटपुंज्या पैशांत काम केलं, ‘दुविधा’साठी चित्रकार अकबर पदमसी यांची मदत घेतली आणि त्यांच्याच मुलीला, रायसाला, नायिका केलं, त्या माणसाला पुरस्कारांची हाव होती म्हणणं म्हणजे काहीच न बघता बोलणं.

‘घटकांचा विद्यार्थी होता ना?’ होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटक शिकवत, तेव्हा मणी कौल आणि कुमार शाहनी हे त्यांचे विद्यार्थी. पण घटकांच्या सिनेमातला आक्रोश, मेलोड्रामा कौल यांच्याकडे औषधालाही नाही. वंशावळ सांगून सिनेमाबद्दल काही सांगितल्यासारखं वाटतं, सांगितलेलं नसतं.

आणि कोणी मोकळेपणी ‘मला आवडतो, खरंच मजा येते’ म्हणालं, तर तो ढोंग करतोय असं धरून चालू नका. अशी माणसं आहेत. त्यांना विचारा, मजा नेमकी कुठे आली. या प्रश्नाने मला समीक्षेच्या पुस्तकांपेक्षा जास्त दिलंय.

८. पुन्हा पाहायचं, की सोडायचं?

माझा नियम साधा आहे. आदराचं वाक्य लिहिता आलं असेल, तर काही महिन्यांनी पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी गोष्टीचं ओझं नसतं, संथपणाचा धक्का नसतो, आणि पहिल्या वेळी न दिसलेलं पुष्कळ दिसतं. ‘दुविधा’ मला दुसऱ्यांदा जवळचा झाला. ‘उसकी रोटी’बद्दलचा आदर दुसऱ्यांदा वाढला, मजा तेवढीच राहिली. ‘सतह से उठता आदमी’ मी बाजूला ठेवलाय. त्याऐवजी मुक्तिबोध वाचते.

दोन सिनेमे चांगल्या प्रतीवर, ताज्या डोळ्यांनी पाहूनही काहीच हाती लागलं नाही, तर खुशाल थांबा. सगळा मणी कौल पाहायलाच हवा, असं कर्ज कोणी तुमच्या डोक्यावर ठेवलेलं नाही.

थांबायच्या आधी मात्र एक शेवटचा प्रयत्न सुचवते: ‘नौकर की कमीज़’ (१९९९). विनोद कुमार शुक्ल यांच्या कादंबरीवरचा, कारकुनाच्या संसाराचा, इतरांपेक्षा बराच हलका आणि अधूनमधून चक्क हसवणारा. कादंबरी आधी वाचा. ती सहज मिळते आणि सिनेमा नाही आवडला तरी तेवढा वेळ सत्कारणी लागतो.